अध्यक्षांचा नारळ

तेव्हा चिपळूणला मॅटिंगवर क्रिकेटच्या स्पर्धा रंगायच्या. अध्यक्ष भाऊसाहेब खोतांनी नारळ फोडल्याशिवाय टॉस होत नसे. त्यातली एक सकाळ आठवली, की तेव्हाचे चिटणीस वसंत पाटकर आजही गालातल्या गालात हसतात.

त्या वर्षी पहिल्याच फेरीत भाऊसाहेबांचा संघ हरला. कप्तानही तेच! ते कडाडले, "पाटकर, नऊला अकरा खेळाडू हजर नसतील तर संघ बाद, हा नियम ना? जिंकलेली पोरं सव्वानऊला आली. काढा बाहेर!"

"काढतो की," पाटकर म्हणाले. "पण भाऊसाहेब, आधी तुमचा संघ काढावा लागेल. नऊला तुमचे दहाच होते. कप्तान साडेनऊला उगवले, नारळ घेऊन."

मैदान खो-खो हसलं.

पुढच्या वर्षी पाटकर भल्या सकाळी मॅटिंग अंथरायला गेले, तर नारळ मांडीवर घेऊन भाऊसाहेब बसलेले!