हवालदारांचा होकार

“...पण मग त्यांनी हो का म्हटलं, सर?”

डॉ. निरंजन आप्पासाहेबांच्या ओसरीवर टेकायच्या आतच हे विचारून मोकळा झाला. शेजारी त्याचे रुग्ण, लष्करातले हवालदार शेवाळे उभे होते. बसा म्हटल्याशिवाय बसायची त्यांना सवय नव्हती.

आप्पासाहेबांनी सारा जन्म लष्करी इस्पितळात डॉक्टर म्हणून काढलेला. लढाईहून मनाने जखमी होऊन आलेली माणसं त्यांनी ढिगाने पाहिली होती. निरंजन त्यांचा लाडका शिष्य. हुशार, आणि तेवढाच घमेंडखोर.

“उपाय काय सांगितलास?”

“ज्या स्फोटातून हे वाचले, तो दिवस माझ्यासमोर पुन्हा पुन्हा बोलून काढायचा. याहून चांगला उपाय नाही. मी विचारलं, चालेल ना? म्हणाले, जी साहेब. दोनदा आले, नंतर फाटकातूनच परत. झोपेत एकदा बायकोचा गळा धरला. तेव्हापासून गोठ्यात झोपतात. नातीलाही जवळ घेत नाहीत.”

हे सगळं शेवाळ्यांच्या देखत. जणू ते तिथे नाहीतच.

आप्पासाहेबांनी चहा ओतला.

“हवालदार, साखर चार चमचे घालू?”

“जी साहेब.”

“आणखी दोन?”

“जी साहेब.”

शेवाळ्यांनी कप उचलला.

“अहो, तुम्हाला शुगर आहे ना!” निरंजन ओरडला.

आप्पासाहेबांनी कपावर आधीच हात ठेवला होता.

“मी विचारलं की,” ते म्हणाले. “हो म्हणाले ते.”

निरंजनचा चेहरा उतरला.

“माफ करा हवालदार. बसा,” आप्पासाहेब म्हणाले. “निरंजन, आता बोलण्याची आणि गोळ्यांची, दोन्ही वाटा सांग. त्रासासकट. आणि यांच्याकडे बघून सांग.”

निरंजनने सांगितलं. बोलून काढताना आधी जीव घाबरा होतो, मग बऱ्याच जणांना उतार पडतो. गोळ्यांनी झोप लागेल, आठवण मात्र तशीच राहील.

“तुम्हाला काय हवंय?” हे त्याने पहिल्यांदाच विचारलं.

“साहेब ठरवतील ते...”

आप्पासाहेब गप्प. निरंजनही गप्प राहिला. त्याला ते फार जड गेलं.

...

“आधी झोप द्या साहेब,” शेवाळे खाली बघत म्हणाले. “मग बोलीन. आणि तेव्हा बायकोला आत बसू द्या. ती दाराबाहेर असते, तिला अर्धंमुर्धं ऐकू जातं... घरी गेल्यावर तिच्याकडं बघवत नाही.” त्यांनी मान वर केली. “नातीला उचलून घ्यायचंय मला.”

निरंजन त्यांच्याकडे वळला.

“माझं मत वेगळं आहे, हवालदार,” तो म्हणाला. “मी आधी बोलायला लावलं असतं. पण तुम्ही म्हणता तसं करून बघू. बायकोला घेऊन या.”

शेवाळे डोळे पुसत अंगणात उतरले. निरंजन हळूच आप्पासाहेबांकडे सरकला.

“सर, त्यांनी निवडलेली वाट चुकली तर?”

“तर परत फिरताना तू आणि ते, दोघं बरोबर असाल.”