केरबानं गाडी दोन इंच खाली घेतली

घाटाच्या पायथ्याशी हेळेवाडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती, तर कुणी ‘जरा डोकं चालव’ म्हणालं की तो मान हलवायला लागायचा. पण एक होतं. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. विसरला असता तर पुष्कळ बरं झालं असतं.

केरबाकडं एक लाल गाडी होती. दोन दारांची, पंचवीस वर्षांची. त्याचा मामा तरुणपणी शर्यतीत गाड्या पळवायचा. मामाचे गुडघे गेले तेव्हा त्यानं ती भाच्याला देऊन टाकली. गाडी जुनी होती, पण इंजिन अजून असं होतं की सुरू केलं की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. सरळ रस्त्याला गाडी बाणासारखी जायची. वळण आलं की मात्र एका अंगावर कलायची, आणि आतला माणूस दारावर जाऊन आदळायचा.

दर वर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घाटाची शर्यत असायची. पायथ्यापासून खिंडीपर्यंत अकरा वळणं. मागच्या वर्षी केरबाचा शेवटून पहिला नंबर आला होता. त्याच्या शेजारी त्याची बायको हौसा बसली होती. खिंडीत उतरल्यावर ती बराच वेळ एका दगडाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, “ही गाडी नीट वळायला लागेल तेव्हाच मी हिच्यात बसणार. तोवर मी एष्टीनं जाईन.”

केरबाला ते लागलं. तो बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजात गेला.

बाबालाल मिस्त्री म्हणजे जुना जाणता माणूस. आता त्यांची कंबर धरली होती, त्यामुळं गाडीखाली शिरता यायचं नाही. स्टुलावर बसून सांगायचे, दुसऱ्यानं करायचं. मामाच्या काळात याच लाल गाडीचं इंजिन त्यांनी तीनदा उतरवलं होतं. ती घाटात नीट वळलेली एकदा बघावी, एवढी त्यांची इच्छा होती.

ते म्हणाले, “केरबा, गाडी उंच आहे. उंच गाडी वळणावर कलतेच. आधी तिला दोन इंच खाली घे.”

“दोनच?”

“दोनच. जास्त घेशील तर पोट घासेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा सडा घालायला बाहेर आली, तर केरबा कुदळ घेऊन अंगणात. त्यानं चार खड्डे खणले होते. लेकीच्या दप्तरातली पट्टी घालून प्रत्येक खड्डा मोजला होता. एकात माती थोडी जास्त निघाली होती, ती परत घालून चापून बसवली होती. मग त्यानं गाडी ढकलून चारी चाकं चार खड्ड्यांत उतरवली आणि मिस्त्रींना बोलावून आणलं.

बाबालाल गाडीभोवती एक फेरी मारून आले.

“केरबा,” ते म्हणाले, “शर्यतीला गाडी जाईल. हे खड्डे कसे न्यायचे?”

केरबा विचारात पडला. “तेवढं विचारायचं राहिलं.”

“अरे बाबा, हे अंगणाचं काम नाही. गाडीचं काम गाडीखाली आडवं होऊन करायचं असतं. स्प्रिंगा बदलायच्या असतात.”

“असं होय. आता ध्यानात ठेवतो.”

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

बाबालालनी त्याला तालुक्याला पिटाळलं. गाडीच्या सामानाचं दुकान होतं, तिथून आखूड आणि कडक अशा चार स्प्रिंगा आणायच्या होत्या. केरबा गाडी घेऊन गेला. दुकानासमोर गाडी लावली. स्प्रिंगा आणायच्या म्हणजे गाडीचंच काम. तो उतरला, गाडीखाली शिरला, आडवा झाला आणि तिथून म्हणाला, “चार स्प्रिंगा द्या.”

दुकानदारानं इकडं तिकडं बघितलं. माणूस दिसेना. मग त्याला चाकामागून बाहेर आलेले दोन पाय दिसले.

त्यानं हातातलं खोकं टाकलं. हां हां म्हणता वीस माणसं जमली. दहा जणांनी गाडी उचलली, चौघांनी केरबाला ओढून काढलं. एकानं नाकाला कांदा लावला. समोरच्या पिठाच्या गिरणीतल्या बाईंनी तोंडावर तांब्याभर पाणी मारलं.

“कुठं लागलंय?”

“कुठं नाही.”

“मग काय होतंय?”

“चार स्प्रिंगा.”

“डोक्याला मार आहे,” एक जण हळूच म्हणाला. “बोलू देऊ नका त्याला.”

केरबाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं. काय होतंय विचारलं, तर पुन्हा तेच. त्यांनी खबरदारी म्हणून डोक्याला पट्टी बांधली. दुकानदाराला इतकी दया आली की त्यानं स्प्रिंगा आपल्या हातानं गाडीत ठेवून दिल्या.

बाबालालनी सगळं ऐकून घेतलं. “दुकानात असं करतात का? दोन पायांवर उभं राहायचं. समोर आहे ते दोन्ही हातांनी जोर लावून दाबून बघायचं. उसळलं तर चांगलं समजायचं. उसळलं नाही तर सोडून द्यायचं.”

“असं होय. आता ध्यानात ठेवतो.”

मग दोन दिवस काम चाललं. केरबा गाडीखाली, मिस्त्री स्टुलावर. मिस्त्री एकेक नट सांगायचे, केरबा तोच नट फिरवायचा. अशा कामात त्याचा हात चांगला होता. स्प्रिंगा बसल्या. गाडी बरोबर दोन इंच खाली आली, आणि या खेपेला खड्डे लागले नाहीत.

“आता वजन टाकून बघू,” बाबालाल म्हणाले. “गावातला एखादा वजनदार माणूस बोलावून आण. गाडीत बसवू. स्प्रिंगा किती दबतात ते कळेल.”

हेळेवाडीत वजनदार माणूस एकच. उपसरपंच बळवंतराव. दोन्ही अर्थांनी. ते ग्रामपंचायतीसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. केरबा त्यांच्यापुढं जाऊन दोन पायांवर नीट उभा राहिला. मग त्यानं दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि सगळा जोर लावून दाबलं.

खुर्चीचे मागचे दोन पाय फाकले. बळवंतराव टेकले न टेकले तोच ताडकन उठले आणि केरबाच्या कानाखाली एक ठेवून दिली.

केरबाचं समाधान झालं.

“उसळले,” तो म्हणाला. “चांगले आहेत. चला.”

बळवंतराव आले नाहीत. बाबालालना कंबर धरून, काठी टेकत, माफी मागायला जावं लागलं. परत आल्यावर त्यांनी केरबाला समोर बसवलं.

“पाहुणा असो की पुढारी, त्याला मान द्यायचा. बसायला द्यायचं, अंगावर हात टाकायचा नाही. गरम चहा पाजायचा. चहा पोटात गेला की मग कामाचं बघायचं.”

“असं होय. आता ध्यानात ठेवतो.”

गाडीत पोती भरून स्प्रिंगांचं काम भागलं. पुढं शॉकअपची पाळी होती. स्प्रिंग उसळते आणि शॉकअप ती उसळी जिरवतो, म्हणून जुनेही बदलायला हवेत असं मिस्त्रींचं म्हणणं. त्यांनी चार नवे मागवले. वरचं बूच काढून आत तेल भरायचं, तसल्या धाटणीचे. सकाळच्या एष्टीनं ते आले. कंडक्टरनं केरबाला हाक मारली.

“केरबा, पुण्याहून तुझे चौघं आलेत बघ.”

केरबानं चौघांना घरी आणलं. सोप्यात घोंगडी अंथरून त्यांना ओळीनं टेकवून बसवलं. अंगावर हात पडू नये म्हणून तो जरा लांबच बसला.

“हौसा, चार चहा टाक.”

“कोण आलंय?” हौसानं आतून विचारलं.

“पुण्याचे आहेत.”

पुण्याचे म्हटल्यावर हौसानं आलं घालून चांगला दुधाचा चहा केला. बाहेर आणून देईपर्यंत केरबा उंबऱ्यात येऊन उभा होताच. त्यानं ताट घेतलं. पाहुणे नवखे असतील म्हणून हौसा बाहेर आली नाही. थोड्या वेळानं रिकामे कप आत आले.

“एका शब्दानं कुणी बोललं नाही,” ती म्हणाली.

“पुण्याचे आहेत,” केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शॉकअप बसवले. आतून खळखळ आवाज आला तेव्हा मिस्त्रींना वाटलं, केरबानं तेल भरून आणलं. पण गाडी चौकातल्या खड्ड्यातून गेली आणि चारी चाकांतून कसलीशी तपकिरी धार लागली. गावातली तीन कुत्री गाडीमागं चालत आली. बाबालालनी धारेला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

“आलं आहे यात,” ते म्हणाले.

“हौसा घालतेच,” केरबा म्हणाला.

चारी शॉकअप उतरवून, धुऊन, वाळवून, मिस्त्रींनी स्वतः बघून तेल भरलं. “शॉकअपला चहा नाही लागत, केरबा. तेल लागतं. खाली तेल असलं की बसणाऱ्याला झटका लागत नाही.”

“असं होय. आता ध्यानात ठेवतो.”

शर्यतीला तीन दिवस उरले. गाडी घाटात फिरवून बघायची होती. हौसा काही केल्या तयार होईना. शेवटी बाबालाल म्हणाले, “पोरी, मी मागं बसतो. तू एकदा बस. माझ्या हातावर विश्वास ठेव.” मिस्त्री घरी येऊन म्हणतायत म्हटल्यावर हौसा नको म्हणाली नाही. तिनं इरकल नेसलं.

बायको इतक्या दिवसांनी गाडीत बसणार म्हणून केरबाला भरून आलं होतं. तिला झटका लागता कामा नये. ती घरातून यायच्या आत त्यानं शिल्लक राहिलेलं अर्धा डबा तेल तिच्या सीटवर ओतलं आणि फडक्यानं सारखं केलं. सीट काळी होती. काही दिसलं नाही.

पहिलं वळण आलं. गाडी कलली नाही. चाकं रस्त्याला चिकटल्यासारखी राहिली आणि लाल बोनेट सुरीसारखं वळलं. कललं नाही काहीच. फक्त हौसा सुळकन सरकत केरबाच्या मांडीवर आली. दुसऱ्या वळणाला ती परत दारापाशी गेली. तिसऱ्याला सीटवरून उतरून खाली पायांच्या जागेत जाऊन बसली.

मागं बाबालाल डोळे मिटून बसले होते. त्यांना यातलं काही दिसलं नाही. त्यांना फक्त गाडी कळत होती. “वळली,” ते स्वतःशीच म्हणाले. “वळली रे.”

घरी आल्यावर हौसानं इरकल राखेनं घासलं, शिकेकाईनं घासलं, सोड्यानं घासलं. तेल जाईना. तिचा आवाज चढला नाही. जास्त राग आला की तो चढायचा नाही.

“बसणाऱ्याखाली तेल घालतात का? ऐका नीट. वळणावर जे जे हलतंय ते आधी घट्ट बांधायचं. काही म्हणता काही हलता कामा नये. तेवढं केलंत तर यंदा जिंकाल.”

“जिंकीन?”

“जिंकाल. मी बघायला येते. आत बसत नाही.”

“असं होय. आता ध्यानात ठेवतो.”

शर्यतीच्या दिवशी बाबालाल धुतलेला सदरा घालून आले. हौसा त्यांना हाताला धरून पहिल्या वळणावर घेऊन गेली. वळण मोठं होतं, डावीकडं जाणारं, समोर बळकट वाढलेला ऊस. बघायला तीच जागा चांगली. बळवंतरावसुद्धा राग विसरून तिथं आले होते. मिस्त्री जमलेल्यांना सांगत होते, “आता बघा. कुठल्या गाडीला जमणार नाही अशी वळेल.”

खाली रेषेवर केरबाला वेळ होता. त्यानं काथ्याचं बंडल आणलं होतं. आत बसून त्यानं एकेक बघितलं. पाण्याची बाटली हलत होती, ती बांधली. जॅक बांधला. आरशाला लोंबणारी लिंबू-मिरची बांधली. स्वतःला पट्टा लावला, वरून काथ्यानं दोन वेढे घेतले. मग घाट डोळ्यांसमोर आणून त्यानं आठवलं, वळणावर आणखी काय काय हलतं. आठवलं ते सगळं बांधलं. गाठी दोनदा ओढून बघितल्या.

झेंडा पडला.

लाल गाडी अशी सुटली की बाकीच्या चार गाड्यांना तिची फक्त धूळ मिळाली. इंजिनाचा आवाज वळणापर्यंत पोहोचला आणि बाबालालनी हौसाचा हात घट्ट धरला. गाडी आली. वळण आलं. रस्ता डावीकडं गेला.

गाडी सरळ गेली.

ती चर ओलांडून सरळ उसात शिरली. उसाचे शेंडे एका रेषेत पडत गेले, लांब लांब, अगदी पट्टी लावल्यासारखे. मग इंजिन बंद पडलं. मागून आलेल्या चारही गाड्या वळून घाटात निघून गेल्या.

हौसा पडलेल्या उसातून धावत सुटली. मागून कंबर धरून बाबालाल, त्यांच्या मागं बळवंतराव. गाडी शेताच्या मधोमध उभी होती. केरबा आत ताठ बसला होता. कुठं खरचटलं नव्हतं. डोक्यावर उसाचं पाचट होतं आणि तोंडभर हसू होतं.

स्टिअरिंगला डाव्या दारापासून उजव्या दारापर्यंत काथ्याचे वेढे होते. सात गाठी.

हौसानं एक गाठ ओढून बघितली. मग तिनं विचारलं, “अवो, वळवलं का नाही?”

“कसं वळवणार? वळणावर सगळ्यात जास्त हेच हलतं. म्हणून सगळ्यात घट्ट हेच बांधलं.”

मग त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि धापा टाकत आलेल्या बाबालालकडं मोठ्या मायेनं बघितलं.

“मिस्त्री, काम मात्र एक नंबर केलंत तुम्ही. एवढं मोठं वळण गेलं, पण गाडी जरासुद्धा कलली नाही.”