साळूचा मुराळी

एकदा काय झालं, साळू नावाची एक मुलगी लग्न होऊन सासरी आली. सासर लांब. किती लांब? मध्ये डोंगर, डोंगरापलीकडे नदी, नदीपलीकडे रान, आणि रान संपलं की तिचं माहेर. माहेरी आई एकटी. भाऊ नाही, वडील नाहीत, चुलता नाही, मामा नाही. आई गुडघ्यांनी अधू. चुलीपासून दारापर्यंत यायचं तरी बिचारी भिंत धरून यायची.

आणि त्या गावची रीत काय होती, ऐका बरं का. मुराळी आला तरच सून माहेरी जायची. मुराळी म्हणजे माहेराहून न्यायला येणारा. तो दारात येतो, पाय धुतो, पाटावर बसतो, गूळपाणी घेतो, आईने दिलेलं काहीबाही पुढे ठेवतो, आणि मग लेकीला घेऊन निघतो. नवरा म्हणाला, "मीच पोचवतो," तर गाव हसायचं. साळूचा नवरा गुणाचा होता हो, पण गावापुढे आणि आईपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

मग श्रावण आला, पंचमी आली. घरोघरी मुराळी आले. सगळ्या सुना नवी लुगडी नेसून हसत हसत गेल्या. साळू दारात वाट बघत बसली. कुणाची? कुणी यायचंच नव्हतं. तरी बघत बसली. तिला आईच्या हाताचा वास आठवला, तव्यावर तडतडणाऱ्या लाह्या आठवल्या. माहेरच्या परसात एक वाळका शेवगा होता. त्याच्या ढोलीत दयाळ पक्षी राहायचा, काळा-पांढरा, शेपूट ताठ. आई पहाटे जात्यावर गायला लागली की तोही शेवग्यावरून गायचा. साळूला ते आठवलं आणि तिचा जीव असा कासावीस झाला की काय सांगू.

तिला वाटलं, इथे निदान दयाळ तरी असता! त्याच्याकडून निरोप धाडला असता. पण इथे पाखरू कुठून येणार? सासूबाईंचं अंगण-परस म्हणजे आरसा. तांबडं फुटायच्या आत त्या परडी घेऊन उठायच्या. झाडावर एक फूल राहू द्यायच्या नाहीत, सगळी देवाला. पान पडलं की केरसुणी फिरलीच. कावळासुद्धा कौलावर बसायचा, खाली बघायचा, आणि उडून जायचा. चिमे, पाय पांघरुणात घे, मग सांगते पुढची गोष्ट.

मग साळूने काय केलं? सासूबाई परडी घेऊन निघाल्या, तशी ती आडवी आली.

"सासूबाई, जास्वंदीची एक फांदी राहू द्या ना."

"आणि देव काय म्हणेल?"

"देवालाच विचारा. फुलं त्याची, फुलपाखरंही त्याचीच."

सासूबाई पुटपुटल्या, पण फांदी राहिली. मग ऊन चढलं आणि फुलपाखरू आलं, पिवळंधमक. साळू म्हणाली, "बाई गं, माझ्या आईला निरोप सांगशील?" फुलपाखरू म्हणालं, "मी वाऱ्याचं लेकरू. डोंगर चढेपर्यंत वारा मला कुठल्या कुठे नेईल. पण तू इथे थोडा ओलावा कर, कुणी ना कुणी येईल."

मग साळूने मोरीचं पाणी वळवून अळवाला दिलं. जुना फुटका रांजण होता, त्याचा बुडखा मातीत पुरून पाण्याने भरला. सासूबाई म्हणाल्या, "सुनेने घरात डबकं केलं!" पण त्यात बेडूक आला. मोठा, ढेरपोट्या. साळूने त्यालाही विचारलं. बेडूक म्हणाला, "नदी म्हणशील तर एका दमात. पण डोंगर माझ्याच्याने होत नाही. तू पंखवाला गाठ. त्याला खायला किडे लागतात, किडे पाचोळ्यात असतात. आणि राहायला ढोली लागते."

ढोली! परसाच्या कोपऱ्यात एक शेवगा होता, वाळून कोळ झालेला. त्याला ढोलीही होती. पण सासूबाईंनी तो चुलीसाठी नेमून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड पडायची होती.

साळूने सासूबाईंचे पाय धरले. "एवढं झाड तोडू नका. आणि त्याच्याखालचा पाचोळा झाडू नका. चुलीचं लाकूड मी रानातून आणीन."

"डोक्यावरून?"

"डोक्यावरून."

आणि आणलं तिने, बरं का. थंडी गेली, उन्हाळा आला, मानेला गाठी आल्या. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "हिच्या परसात पाचोळा, आळशी मेली!" साळू ऐकून घ्यायची. रोज तिन्हीसांजेला शेवग्याखाली बसायची आणि आईची जात्यावरची चाल गुणगुणायची. तेवढीच तिच्याजवळ आईची उरली होती.

आणि एका सकाळी पाचोळ्यात खसफस झाली. काळा-पांढरा, शेपूट ताठ! दयाळ आला. त्याने किडा टिपला, बुडख्यातलं पाणी प्यायला, ढोलीत डोकावला. मग त्याची बायको आली, पिलं झाली. साळू गुणगुणायची आणि तो मान तिरकी करून ऐकायचा. ऐकता ऐकता त्याला ती चाल यायला लागली, अगदी आई जिथे दम घ्यायची तिथे दम घेऊन.

मग पिलं उडाली, श्रावण आला, पंचमी तोंडावर आली. साळू म्हणाली, "दादा, आईला सांग, मी वाट बघतेय." आणि रडली. दयाळ उडाला. डोंगर गेला, नदी गेली, रान गेलं. आईच्या दारात जाऊन त्याने तीच चाल गायली. आई तव्यावर लाह्या फोडत होती. तिच्या हातातलं फडकं गळालं.

इकडे पंचमी उजाडली. घरोघरी मुराळी आले. साळू दारात उभी. आणि भर्रकन दयाळ अंगणात उतरला! चोचीत एक पांढरी लाही, पायात आईच्या हिरव्या लुगड्याच्या काठाचा धागा. आधी तो बुडख्याशी गेला, पाण्यात पाय बुडवले. मग टुणटुण उड्या मारत आला आणि ओसरीवरच्या पाटावर बसला. लाही पुढे ठेवली.

सासूबाई बघत राहिल्या. मग त्या आत गेल्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. पाटाजवळ ठेवला. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "पाय धुतले, पाटावर बसला, आईचं दिलेलं आणलं. मुराळीच आहे हा. जा पोरी, आई वाट बघत असेल."

मग काय! दयाळ पुढे, या झाडावरून त्या झाडावर, आणि साळू मागे गाठोडं घेऊन. आई भिंत धरून दारात आली होती. साळूने तिला मिठी मारली, आणि दोघींनी काय बोलायचं ते बोलून घेतलं.

मग दिवस सरले, आणि दयाळाच्या मागोमाग साळू परत आली. बघते तर काय, परसात पाचोळा तसाच, जास्वंद फुलांनी भरलेली. सासूबाई शेवग्याखाली बसलेल्या. समोर पाट मांडलेला.

"सासूबाई, हे काय?"

सासूबाई लाजल्या. एवढ्या मोठ्या बाई, पण लाजल्या. म्हणाल्या, "माझ्या माहेरी आता कुणी नाही गं. भाऊ गेला तेव्हापासून कुणी न्यायला आलं नाही. एक विहीर आहे, विहिरीवर करंज आहे. तेवढा करंज एकदा बघायचाय."

साळू त्यांच्याजवळ बसली. "तुमची आई जात्यावर काय गायची?"

सासूबाईंना आठवेना. मग थोडं आठवलं. मग त्या गुणगुणायला लागल्या, चुकत चुकत. वर ढोलीच्या तोंडाशी दयाळाने मान तिरकी केली.

पुढच्या पंचमीला त्या घरातून दोघीजणी आपापल्या माहेरी गेल्या, बरं का. आणि त्या परसात फुलं, बेडूक, पाखरं, सासू, सून सगळी सुखाने नांदली. आता डोळे मिटा. तुम्हालाही न्यायला झोपेचा मुराळी आलाय, पाय धुऊन दारात उभा आहे. त्याला ताटकळत ठेवू नये, बाळांनो.