खाचेतलं लिंबू

टायर बोलायचे त्या काळची गोष्ट. एका दुकानात दोन टायर भिंतीला टेकून उभे होते. एक रांगडा, खोल खोल खाचांचा. दुसरा साध्या नक्षीचा, सगळ्या रस्त्यांवर चालणारा.

अंडीवाले गेनूभाऊ पिकअपसाठी टायर बघायला आले.

"रस्ता कसाय?" साध्या टायरने विचारलं.

"पोल्ट्रीपासून फर्लांगभर खडी, पुढे बाजारापर्यंत सगळं डांबर."

"मग मी पुरेन की."

"हा काय पुरतोय!" रांगडा गुरगुरला. "मी दगडाचं पीठ करतो, पीठ!"

गेनूभाऊंना तो रुबाब आवडला. त्यांनी चारही चाकांना रांगडेच टायर बसवले.

घरी चांगुणाबाईंनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी पुढे गेली, पण लिंबू काही चिरडलं नाही. ते अलगद खाचेत जाऊन बसलं.

"अहो, लिंबू फुटलं नाही!"

"अगं, असल्या टायरला कुणाची नजर लागतेय!" म्हणत गेनूभाऊ निघाले.

डांबरावर रांगडा घुंऽऽ करत सारखा थडथडत राहिला. बाजारात ट्रे उघडले, तर निम्मी अंडी फुटलेली. गेनूभाऊ डोक्याला हात लावून चाकापाशी बसले.

तेवढ्यात खाचेतून लिंबू म्हणालं, "भाऊ, उद्यापासून अंडी इथे ठेवत जा. मला साधा ओरखडासुद्धा नाही."