गुळगुळीत पाट्यावरचा लसूण

राजा रणधवलाच्या ताटात लसणाच्या चटणीऐवजी अख्खा लसूण आला, तोही सलग तिसऱ्या दिवशी. आचाऱ्याने हात जोडून सांगितलं की पाट्यावर काही वाटलंच जात नाही. जाणार कसं? राजाला खरखरीत म्हणून काही खपत नसे. दरबाराची फरशी त्याने आरशासारखी घासून घेतली, पाठोपाठ मुदपाकखान्यातला पाटा-वरवंटाही, आणि दगडाला टाकी लावण्यावर राज्यभर बंदी घातली. फरशीवर तो दोनदा आपटल्यावर प्रधानांनी शोध लावला की थोर राजे स्वतः चालतच नसतात. तेव्हापासून पायांना गोणपाट बांधलेले दोन भोई त्याला उचलून सिंहासनावर ठेवत.

गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने बारीक खड्डे पाडून द्यायचे, हा कोंडाईचा धंदा. बंदीमुळे तिची चूल विझायची वेळ आली होती. राजाने तिलाच दरबारात बोलावलं आणि पाटा-वरवंटाही तिथंच आणवला. ती बसूनच सरकत पाट्यापाशी पोचली. राजाने फर्मावलं, की टाकी न लावता जेवणाआधी याच पाट्यावर लसूण वाटून दे. नाहीतर छिन्नी-हातोडा विहिरीत आणि तू हद्दपार.

कोंडाईने वरवंटा फिरवून पाहिला. एक पाकळी सटकून थेट प्रधानांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती प्रसाद मानून खाल्ली.

"वाटते, महाराज," कोंडाई म्हणाली. "पण तुम्ही कुणाचा आधार न घेता इथवर चालत या. दहाच पावलं आहेत. तुम्ही पोचलात की चटणी झालीच म्हणून समजा."

राजाला हे फारच सोपं वाटलं. तो ऐटीत उतरला, रेशमी मोजडी टेकवली आणि दाणकन आपटला. दुसऱ्यांदा उठला तो घसरत मागे सिंहासनाकडेच गेला. तिसऱ्यांदा पालथा पडला. महाराज एकटेच आडवे दिसू नयेत म्हणून प्रधानही निष्ठेने आडवे झाले.

"या फरशीला झालंय तरी काय?" राजा ओरडला.

"पाट्याला झालंय तेच," कोंडाई म्हणाली. "जिथं तुमचा पाय ठरत नाही, तिथं माझा लसूण कसा ठरेल?"

राजाने पडल्या पडल्याच फरशीवरून बोट फिरवून पाहिलं. मग असा हसला, की हसता हसता आणखी हातभर घसरला.

"छिन्नी काढ, बाई," तो म्हणाला. "आधी पाट्याला लाव, भूक लागलीय. मग सगळ्या फरशीला. मजुरी दुप्पट."

बंदी तिथंच उठली. कोंडाईने पाट्यावर पहिला घाव घातला आणि राजा शेजारी मांडी घालून बघत बसला. प्रधान मात्र, उठण्याची आज्ञा झाली नव्हती म्हणून, अजून आडवेच होते.