पिशवीतला सूर

“...पण मग चुकतंय कुठं, ते तरी सांगाल का नाही, तात्या?”

त्याचे म्हातारे गुरू तात्या सिदरामच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिले.

पिशवी बकऱ्याच्या कातड्याची. मागचे दोन पाय गाठ मारून बांधलेले. पुढच्या दोन पायांत दोन सनया बसवलेल्या, फटी मेणानं बुजवलेल्या. मानेच्या जागी फुंकायची नळी. एका सनईचं एकच भोक मोकळं, तिनं नुसता सूर धरायचा. दुसरीवर सिदरामची बोटं. पिशवी फुगवून काखेत दाबली की दोन्ही एकदम वाजायच्या.

असली पिशवी सिदरामनं एकदा पलटणीच्या बँडात पाहिली होती. घरी बसून तीन कातडी वाया घालवली, चौथं जमलं. पहिलं कातडं म्हणे दाबलं की ‘बें’ करायचं. मी ऐकलेलं नाही. पण ज्यानं सांगितलं तो माझ्याइतका खोटं बोलत नाही.

खडकाईच्या देवळात सनई पिढ्यानपिढ्या जोडीनं वाजते. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं सूर धरायचा. सूर धरणारा आधी सुरू करतो आणि सगळ्यांच्या शेवटी थांबतो. मधे श्वासाला जागा नाही. गालात हवा राखायची आणि नाकानं दम घ्यायचा.

माघी पुनवेला पालखीपुढं कुणी बसायचं, ते तात्या ठरवत. त्यांनी हातावर विडा ठेवला की परवानगी मिळाली. विडा नाही, तर भलाभला वाजवणाराही पायरीवर बसून ऐकायचा.

पालखी आठ दिवसांवर आली होती. सिदरामला यंदा एकट्याला बसायचं होतं.

“वाजव,” तात्या म्हणाले.

सिदरामनं पिशवी फुगवली. सूर लागला, त्यावर त्यानं सकाळची धून धरली. चांगली वाजवली. तात्यांनी शिकवलेली, वाईट कशी वाजेल.

“सूर हलला का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“तुटला?”

“नाही.”

“मग?”

“भैरूचा हलायचा. तू वर चढलास की जरासा...”

“तीच तर त्याची खोड.”

“हं.”

भैरूनं सव्वीस वर्षं सिदरामच्या उजव्या हाताला बसून सूर धरला होता. एरवी इतका सरळ, की त्याच्या सुरावर कावळा येऊन बसायचा असं लोक सांगतात. दोनदा तर मीच बघितलाय.

“कुठं असतो आता?” तात्यांनी विचारलं.

“खाली. पाटलाच्या जोंधळ्यात राखणीला. माळ्यावर बसून पाखरं हाकतो.”

“एकटाच?”

“एकटाच.”

“आणि तू?”

सिदरामनं सनईवरचं मेण नखानं दाबून नीट केलं.

“मी पण एकटाच की. तुम्हाला काय ठाऊक नाही का?”

तात्यांना ठाऊक होतं. दात गेले तशी त्यांची सनई गेली होती, आणि सनई गेल्यावर देवळामागच्या या खोलीत फारसं कुणी येत नव्हतं.

“काय म्हणाला होतास त्याला?”

“...रागात म्हणालो.”

“काय?”

“एकच तर सूर धरतोस. फुगवलेली पिशवीसुद्धा धरील.”

“मग?”

“मग काय. सनई खाली ठेवली न् उठून गेला. दोन वर्षं झाली. तोंड दाखवलं नाही.”

“आणि पिशवीनं धरला सूर.”

“धरला की. आत्ता ऐकलात. म्हणजे मी काही खोटं बोललो नव्हतो.”

“नव्हतास,” तात्या म्हणाले.

सिदराम जरा ताठ बसला.

“आता ते वाजव. गोदा गेली त्या सालचं.”

सिदरामची बोटं सनईवर तशीच राहिली.

त्या साली गोदाला, त्याच्या बायकोला, जाऊन पंधरा दिवस झाले होते. लोक नको म्हणत असताना तो पालखीपुढं बसला. वाजवत वाजवत एका वळणाशी आला. घरी हे वळण आलं की ती चुलीपाशी गुणगुणायची. तिथं त्याची सनई थांबली. तोंडातून फुंकर निघेना, डोळे थांबेनात.

भैरूनं सूर धरला. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता एक सूर... पालखी देवळाला फेऱ्या घालत राहिली. लोक तीन सांगतात, मी सात सांगतो, भैरूनं आकडा कधी सांगितला नाही. सिदरामनं डोळे पुसून सनई परत ओठाला लावली, तेव्हा त्यानं सोडलेली जागा तशीच होती.

पुढं वर्षभर गावानं त्या वाजवण्याची वाहवा केली. ती सगळी सिदरामनं घेतली.

“वाजव ना.”

सिदरामनं वाजवलं. वळण आलं, तसा तात्यांनी तळवा वर केला.

“थांब. त्या दिवशी थांबलास तसा.”

सिदरामनं सनईवरची बोटं उचलली. नळी तोंडातून काढली. काखेतला हात सैल सोडला.

सूर चालू राहिला. एक दम. दुसरा दम. मग तो खाली यायला लागला, चिरका झाला, आजारी वासरासारखा कण्हला... आणि विझला. कातडं मांडीवर आडवं झालं.

दारातून खालचा जोंधळा दिसत होता. लांबून कुणीतरी पाखरांसाठी पत्र्याचा डबा बडवत होतं. थोडा वेळ बडवायचं, मग थांबायचं. परत बडवायचं.

दोघांनी ते ऐकलं.

“किती फेऱ्या झाल्या?” तात्यांनी विचारलं.

“...पालखी खांद्यावरसुद्धा आली नसती.”

“हं.”

“पण मी फुंकत राहिलो असतो तर सूर राहिला असता.”

“त्या दिवशी फुंकलं असतंस?”

सिदराम पिशवीच्या गाठीशी उगाच चाळा करत राहिला.

“म्हणजे परवानगी नाही,” शेवटी म्हणाला.

“नाही कुठं म्हणालो?”

तात्यांनी पानाचा डबा ओढला. पान पुसलं, चुना लावला, अडकित्त्यानं सुपारी कातरली. स्वतःला चावता येत नसलं तरी विडा ते अजून तसाच बांधत. लवंग टोचली आणि सिदरामच्या उजव्या हातावर ठेवला.

सिदरामनं तो कपाळाला लावला. दोन वर्षांत त्याचा चेहरा इतका मोकळा कुणी बघितला नसेल.

“येतो, तात्या.”

“बस.”

तात्यांनी दुसरं पान घेतलं. पुसलं. याला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. सुपारी अगदी बारीक कातरली. भैरूचा एक दात दुखरा होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

दुसरा विडा त्यांनी सिदरामच्या डाव्या हातावर ठेवला.

“दोन कशाला?”

“इथं विडे दोनच देतात.”

“मी एकटाच बसणार म्हणालो ना.”

तात्यांनी डबा बंद केला.

खाली जोंधळ्यात पत्र्याचा डबा वाजला. थांबला.

सिदराम दोन्ही हात पुढं धरून उभा राहिला, तशी पिशवी मांडीवरून घसरली. बाहेर ऊन चढत होतं, अशा उन्हात पान वाळायला वेळ लागत नाही. त्यानं एका विड्याकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. मग पायाशी पडलेल्या पिशवीकडे.

“आता ही कशी उचलू, तात्या?”

“मी कुठं उचल म्हटलं?”