घरटे ओढून बघायचे नाही

“घरटी मोजायची असतात, ओढून बघायची नसतात.” बालमित्रांनो, हा नियम आधीच सांगून टाकते. ज्या झाडावर तो चालत असे, तिथे पिल्लांना पंख फुटायच्या आत तो त्यांच्या कानांत घातला जाई, आणि ‘का?’ असे विचारणाऱ्याला चोचीचा फटका मिळे.

ते झाड चीन देशाच्या दक्षिणेला, डोंगरांतून वाहणाऱ्या एका रुंद नदीवर वाकलेले होते. त्यावर सुगरण पक्ष्यांची मोठी वसाहत होती. फार पूर्वी तिथे हलाखी होती. सर्वांनी आणलेले गवत एकाच ढिगात पडे, ते कुणाचेच नसे, म्हणून कुणी मन लावून विणत नसे. पावसाळ्यात थवेच्या थवे उघड्या फांद्यांवर भिजत. मग ज्येष्ठांनी ठरवले, ज्याने आणले त्याचे गवत, ज्याने विणले त्याचे घरटे, आणि दर मोसमाला आधीच्या मोसमापेक्षा जास्त घरटी. झाड बघता बघता भरले. त्याच देशात माणसांनीही गरिबी मागे टाकत शहरेच्या शहरे उभी केली, आणि त्यांतली काही घरे अजून आतल्या दिव्याची वाट बघत उभी आहेत. पण ती माणसांची गोष्ट. आपली गोष्ट पाखरांची आहे, आणि ज्येष्ठांनी झाड सावरले हे तिच्यातही तितकेच खरे आहे.

घोटाळा नंतर झाला. मोसम संपताना नदीच्या वरच्या अंगाने एक म्हातारा करकोचा येई आणि आकाशातून एकेका झाडावर नजर टाकी. ज्या झाडावर घरट्यांची वाढ जास्त, त्या झाडाचे ज्येष्ठ वर्षभर त्याच्या शेजारी बसत. आता सुगरणीचे घरटे कसे होते ते ऐका. नर आधी टोपीसारखा अर्धा भाग विणतो. मग मादी येते, त्याला लोंबकळते, चोचीने गच्च ओढते. टिकले तरच तिची पसंती. मग नर आतून ओल्या मातीचे गोळे लावतो, म्हणजे घरटे वाऱ्यात भिरभिरत नाही, आणि शेवटी खाली लांब नळी विणतो. ही माती आणि ही नळी आकाशातून दिसत नाही. वरून अर्धे आणि पुरे घरटे सारखेच. हे ज्येष्ठांच्या ध्यानात आले त्या दिवशी झाडावर तो नियम आला. टोपी झाली की पुढची टोपी. ओढून बघणारी मादी म्हणजे वाढीत खोडा घालणारी.

त्या झाडावर एक तरुण सुगरण राहत असे. मागच्या मोसमात तिच्या थोरल्या बहिणीने अशाच एका टोपीच्या कडेच्या अरुंद पट्टीवर अंडी घातली होती. दुपारी वारा सुटला, टोपी उलटली आणि अंडी नदीत गेली. ज्येष्ठ म्हणाले, वारा जरा जास्तच होता. थोरली त्यानंतर कुणाशी फारशी बोलली नाही. यंदा धाकटीचे दिवस भरत आले होते. तिच्या नराने फांदी भरून टोप्या विणल्या होत्या, पण अंडे ठेवावे अशी जागा त्यांत एकही नव्हती. एक तरी पुरी कर, असे ती त्याला रोज सांगे. तो मान खाली घालून म्हणे, नळीत वेळ घालवला तर टोप्या कमी पडतील आणि ज्येष्ठ चारचौघांत नाव घेऊन बोल लावतील. शिवाय काठावरचे गवत विरळ होत चालले होते. जे उरले होते, तेही नव्या टोप्यांकडे जात होते.

करकोचा यायच्या दिवशी सर्वांत वयस्क सुगरण आजोबा तिच्याकडे आले. “पोरी, त्या टोकाच्या घरट्यात जाऊन बस. मान तेवढी बाहेर काढ. वरून भरलेलं दिसलं पाहिजे.”

“त्याला तळ नाही, आजोबा.”

“तळ कोण बघतंय? पाहुणे वरून जातात.”

“अंडी खालून जातात.”

बाकीचे ज्येष्ठही जमले. एक काकी म्हणाल्या, हिला अजून धड गाठ मारता येत नाही आणि ही आम्हाला विणकाम शिकवतेय. आजोबांनी मात्र आवाज चढवला नाही. “तुझ्या वयाचे होतो तेव्हा आम्ही रात्ररात्र भिजत झोपलोय. हे झाड आम्ही उभं केलं. आमच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?”

“आहे. म्हणून तर इतके दिवस गप्प होते,” सुगरण म्हणाली. “पण तुम्ही भिजलात म्हणून आम्ही बुडायचं का?”

तेवढ्यात करकोच्याची सावली पाण्यावर पडली. सगळे सावरून बसले. सुगरण उडाली आणि टोकाच्या घरट्याला लोंबकळली. आजोबांना वाटले, पोर वळणावर आली. तिने पाय घट्ट रोवले, चोचीत देठ धरला आणि जुन्या सुगरणी ओढत तसा ओढला. देठ तुटला. टोपी गरगरत खाली गेली आणि नदीत पडली. करकोच्याने एक घिरटी घेतली आणि तो समोरच्या खडकावर उतरला.

“सांग त्यांना, जुनं घरटं होतं म्हणून,” आजोबा कुजबुजले.

“कालचं होतं,” सुगरण करकोच्याला ऐकू जाईल असे म्हणाली. “आणि बाकीचीही तशीच आहेत. पाहुण्यांनी खालून येऊन बघावं. मी यात बसणार नाही. माती लागेपर्यंत, नळी होईपर्यंत बसणार नाही. आणि यापुढे ओढून बघितल्याशिवाय कुठल्याच घरट्यात पाय ठेवणार नाही.”

तिची थोरली बहीण फांदीवरून उठली. ती शेजारच्या टोपीला जाऊन लोंबकळली. मग पलीकडून आणखी एक मादी आली. सुगरणीच्या नराने नवी टोपी विणायला आणलेली पात आपल्या एका अर्ध्या घरट्याकडे नेली आणि तो नळीचा पहिला वेढा घालू लागला. करकोच्याने आजोबांकडे पाहिले, आजोबांनी पाण्याकडे. तुटलेली टोपी अजून वाहत जाताना दिसत होती.

तात्पर्य : जी प्रगती लांबून बघायला लावतात आणि हात लावू देत नाहीत, तिच्या भरवशावर आपली अंडी ठेवू नयेत, मनाई करणारे कितीही थोर असोत, आधी ओढून बघावे.